शून्य रुपयांची तिकिटं

खानापुरातून सातवीसची बस.
ईरण्णा कंडक्टर माझ्या आधार कार्डाकडं आता बघतही नाही,
मशीनमधून पट्टी फाडतो, हातावर ठेवतो.
पुढं कानडीत गाव ते गाव, तारीख, वेळ,
खाली रक्कम: शून्य.
मागची बाजू कोरी.
ती माझी.

(पूर्वी हा कागद विकत घ्यावा लागायचा.)

गुरुवारच्या पानावर साडेतीनशे शब्द,
नऊ वर्षं झाली.
बुधवारी दुपारी मुतगेकरांचा फोन,
"आलं काय वो?"
एवढंच विचारतात.
आलेलं नसतंच.
मग रात्री कुंद्याच्या रिकाम्या डब्यात हात घालायचा
आणि चाचपायचं,
अंधारात काडेपेटी चाचपतो तसं.

गणेबैलच्या टोलनाक्यावरचं एक:
"बाई फुकट. पिशवीतल्या कोंबडीला तिकीट.
कोंबडी खिडकीतून बघते, पैसे भरल्यासारखी."
यावर एक गुरुवार निघाला.
देसूरजवळचं:
"झोपलेल्या पोराची मान. अनोळखी खांदा. खांदा हलत नाही."
आणि एक नुसतंच,
"निळी बादली. विसरू नको."
खाली दोन रेघा मारलेल्या.
विसरले.
दोन वर्षं त्या बादलीत वाकून बघते आहे,
तळ दिसतो,
पाणी कुणी नेलं कळत नाही.

गणपत गल्लीत चष्म्याच्या दुकानात मी कामाला.
भिंतीवर अक्षरांचे तक्ते, मोठ्यापासून बारीकपर्यंत.
एकदा येळ्ळूरचे एक आजोबा आले, डोळ्यांत मोतीबिंदूचं दूध.
विचारलं, "कुठला तक्ता लावू, मराठी का कन्नड?"
म्हणाले, "दिसंल तो लाव की गे."
तिकीट हाताशी नव्हतं, बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.
ते अजून वापरलेलं नाही.
लिहिलं की संपेल अशी भीती वाटते.
एक म्हातारा डब्यात असू दे, अडीअडचणीला,
पदराच्या गाठीतल्या नोटेसारखा.

या मे महिन्यात सगळी तिकिटं चटईवर पसरली
आणि बघते तर
पुढची बाजू पांढरी.
मशीनची छपाई उन्हाळ्यानं खाल्लेली.
मागं माझी बॉलपेनची मराठी ठणठणीत,
पुढं कुठून बसले, कुठं उतरले, केव्हा,
काहीच नाही.
खरं सांगायचं तर आधी वाटलं, बरं झालं,
दोन्ही बाजू लिहायला मिळाल्या.

त्याच बुधवारी ते पोर लिहायला घेतलं.
मान लिहिली, खांदा लिहिला.
पण ते उतरलं कुठं?
मच्छेला की पिरनवाडीला?
खांदा आधी उठला की मान?
सकाळ होती, की परतीची सहा पाचची,
दिवे न लावलेली बस?
अकरा वाजले. वाक्य देसूर क्रॉसवर उभं,
गाडी येईना.
शेवटी कोंबडीचीच एक जुनी गोष्ट वेष बदलून पाठवली.
मुतगेकर म्हणाले, "छान." वाचलं नसावं.

आता तिकीट हातात पडलं की
आधी पुढची बाजू गिरवते.
अक्षरं ओळखते मी, वाचायला वेळ लागतो,
लिहायला त्याहून जास्त.
कानडी मुळात गोल,
बस हलली की आणखी गोल होते,
खानापूरच्या 'खा'चं पोट तर
इदलहोंडच्या वळणावर हमखास सुटतं.
ईरण्णा वाकून बघतो.
"काय बाई, कानडी शिकायला लागलायसा काय?"
म्हटलं, "नाही वो, पत्ता लिहायलोय."
त्याला वाटलं टपालाचं काही असेल.
परवा त्यानं न मागता
'खा' सुधारून दिला,
माझ्याच पेनानं, उभ्या उभ्या,
आणि पेन खिशाला लावून पुढं गेला.

आज मच्छेला एक बाई चढली,
हातात निळी बादली, आत कडीचा डबा आणि छत्री.
मी घाईनं पेन शोधलं. ईरण्णाकडं.
परत मागून घेतलं.
ही ती बादली नव्हे.
तरी लिहून ठेवली,
थांब्यासकट.